शेतातलं चौकोनी पाणी: इंग्लंडमधले मध्ययुगीन खंदकवाडे कसे शोधायचे, कसे वाचायचे

लंडनमधल्या हॅरोला राहत होतो तेव्हा हेडस्टोन मॅनरच्या मैदानावर मुलीला सायकल शिकवली. मैदानाच्या कडेला एक जुनं घर, घराभोवती पाणी, पाण्यावर बदकं. बागेची शोभा म्हणून कुणीतरी तळं केलं असेल, एवढंच मनात आलं. दोन वर्षांनी कळलं की ते तळं नसून खंदक आहे, घराचा सर्वांत जुना भाग १३१० च्या आसपासचा आहे आणि १३४४ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने ही जागा विकत घेतली होती. आपण ज्याच्या काठावर बसून पोहे खाल्ले ते सातशे वर्षांचं निघालं म्हटल्यावर चैन पडेना. तेव्हापासून हा नाद लागला.

इंग्लंडात अशा, म्हणजे खंदकाने वेढलेल्या वाड्यांच्या, सुमारे ६,००० जागा ज्ञात आहेत. हेडस्टोनसारखं घर मात्र फार थोड्या ठिकाणी उभं आहे. बाकी ठिकाणी शेताच्या मधोमध चौकोनी चर, त्यात कुठे पाणी तर कुठे चिखल, आणि मध्ये गवताचं रिकामं बेट. नवख्या माणसाला ते दिसतच नाही, आणि दिसलं तरी ‘यात काय बघायचं?’ असं वाटतं. मी आता वाडा उभा असलेल्या जागेपेक्षा रिकाम्या बेटालाच आधी जातो. का, ते पुढे येईल. इंग्लंडात राहणाऱ्या किंवा तिथे काही महिने जाणाऱ्या, आणि पायी हिंडायला तयार असलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी हे कळायला हवं: हा किल्ला नाही

आपल्याला खंदक म्हटलं की नगरचा किंवा परांड्याचा भुईकोट आठवतो. तिथला खंदक शत्रूला आणि तोफांना लांब ठेवण्यासाठी. इंग्लंडातल्या या खंदकांची रुंदी साधारण आठ-दहा मीटर, आत ना बुरूज ना तोफा. चार माणसं शिडी घेऊन आली तर अर्ध्या तासात आत येतील.

मॅनर म्हणजे जमीनदाराची जहागीर आणि तिचा कारभार जिथून चालायचा ते घर. आपल्याकडची जवळची तुलना करायची तर पाटलाची किंवा देशमुखांची गढी. गावात शिरणाऱ्याला लांबूनच कळावं की इथे कोण राहतं. खंदक हा त्याच मोठेपणाचा भाग होता. राजाचा खरा किल्ला खंदकाचा असतो, म्हणून आपल्याही दारात खंदक हवा. श्रॉपशरमधलं स्टोकसे बघा. लॉरेन्स ऑफ लडलो हा लोकरीचा व्यापारी. पैसा आला, जमीन घेतली, आणि १२९१ मध्ये राजाकडून घराला तटबंदी करण्याचा परवाना मिळवला. घर लढाऊ दिसतं, पण दिवाणखान्याला अंगणाकडे उघडणाऱ्या मोठमोठ्या खिडक्या आहेत. वेढ्याला तोंड द्यायचं असतं तर अशा खिडक्या कुणी ठेवल्या नसत्या.

असे खंदक सर्वाधिक खणले गेले ते साधारण १२५० ते १३५० या शंभर वर्षांत. सगळे बड्या लोकांचेच होते असं नाही. वॉरिकशरच्या आर्डन भागात जंगल तोडून नवी शेती करणाऱ्या स्वतंत्र शेतकऱ्यांनीही खंदक खणले, मठांनी आपल्या शेतघरांभोवती खणले. मग १३४८-४९ ची प्लेगची साथ आली, मजुरी वाढली, आणि हातांनी एवढी माती उपसणं परवडेनासं झालं.

दिखाव्याखेरीज खंदकाचे उपयोगही होते. चिकणमातीच्या जमिनीत घराखालचा ओलावा चरात उतरायचा, उपसलेल्या मातीने जोतं उंच व्हायचं, पाण्यात मासे ठेवता यायचे, आग लागली तर पाणी हाताशी, रात्री गुरं चोरीला जायची नाहीत. शौचकूपही खंदकातच रिकामं व्हायचं. मासे आणि शौचकूप एकाच पाण्यात कसे, हा प्रश्न मलाही पडला होता. पुष्कळ ठिकाणी मासळीसाठी शेजारी वेगळी तळी केलेली असत, तीही शोधायची असतात.

पहिली पायरी: घरी बसून नकाशा

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, १:२५,००० प्रमाणाचा. त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. शेताच्या कडेला जुन्या वळणाच्या गॉथिक अक्षरांत ‘मोट’ (Moat, म्हणजे खंदक) असं छापलेलं दिसलं की थांबा. पुरातन वास्तूंची नावं या अक्षरांत छापायची तिथली जुनी पद्धत आहे. शेजारी निळी चौकोनी किंवा उलट्या ‘यू’सारखी रेघ असेल तर तिथे अजून पाणी आहे.

मराठी माणसाला मोट म्हटलं की विहिरीवरची चामड्याची मोट आठवते. ही मोट निराळी. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द मातीच्या ढिगासाठी होता. ढीग करायला माती उपसली की भोवती चर पडतो, आणि इंग्रजीत नाव हळूहळू चराला चिकटलं. ढिगासाठी ‘मॉट’ (Motte) उरला. नकाशावर ‘मॉट’ दिसलं तर तो नॉर्मन काळातल्या किल्ल्याचा उंचवटा, आपला विषय नव्हे. स्पेलिंग नीट वाचा. मी पहिल्या वर्षी एका उंचवट्याभोवती दोन तास खंदकवाडा शोधत फिरलो होतो.

गावांची आणि रस्त्यांची नावंही बोलतात. मोट फार्म, मोट हाउस, मोट लेन. बर्मिंगहॅमच्या बुल रिंगजवळ मोट लेन आहे, कारण तिथे बर्मिंगहॅमच्या जमीनदाराचा खंदकवाडा होता. १८१५-१६ च्या सुमारास खंदक बुजवला आणि त्या जागी बाजार बसला. रस्त्याच्या पाटीवर नाव उरलं.

कोणत्या भागात बघायचं? मध्य आणि पूर्व इंग्लंड. सफोक, एसेक्स, केंब्रिजशर, वॉरिकशर. जिथे हिमयुगाने आणून टाकलेली जड चिकणमाती आहे तिथे पाणी टिकतं. खडूच्या टेकड्यांवर खंदक शोधण्यात अर्थ नाही, पाणी खाली झिरपून जातं.

दुसरी पायरी: जुना नकाशा आणि लेझरचा डोळा

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एकोणिसाव्या शतकातले सहा इंची (एका मैलाला सहा इंच) नकाशे संगणकावर मोफत ठेवले आहेत, इंग्लंडचेही. एका बाजूला जुना नकाशा आणि दुसऱ्या बाजूला आजचं उपग्रहचित्र असं शेजारी ठेवून बघता येतं. आज सपाट दिसणाऱ्या शेतात १८८० च्या नकाशात चारी बाजू पाण्याने भरलेल्या दिसतात. मधल्या काळात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, ट्रॅक्टर आले आणि शेतकऱ्यांनी अनेक खंदक बुजवून टाकले.

मग लायडार. विमानातून लेझर सोडून जमिनीची उंची मोजतात, झाडंझुडपं वजा करतात आणि उरते ती उघडी जमीन. पर्यावरण खात्याची एक मीटर बारकाव्याची ही माहिती सर्वांना खुली आहे. उजेड-सावलीचं चित्र उघडलं की दाट झाडीखालचा खंदकही हातावरच्या रेषांसारखा स्पष्ट दिसतो. इथे नवख्यांना वाटतं की आता प्रत्यक्ष जायची गरजच नाही. आहे. लायडारला चरातला ओलावा कळत नाही, मातीचा रंग कळत नाही, आणि गेल्या शतकात खणलेला चर आणि तेराव्या शतकातला चर त्याला सारखाच दिसतो.

तिसरी पायरी: नोंद बघा

हे टाळू नका. इंग्लंडच्या राष्ट्रीय वारसा यादीत नाव टाकून शोधता येतं. जागा ‘शेड्यूल्ड मॉन्युमेंट’, म्हणजे कायद्याने संरक्षित स्मारक असेल तर तिथे हद्दीचा नकाशा आणि सविस्तर वर्णन मिळतं. शिवाय प्रत्येक भागाची ऐतिहासिक पर्यावरण नोंदवही असते, त्यात संरक्षित नसलेल्या जागाही असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी या परगणावार इतिहासाच्या खंडांत या जागांना ‘एफ’ वर्गात टाकलेलं आहे. त्याच खंडांत जहागीर कोणाकडून कोणाकडे गेली हेही सापडतं. यातले पुष्कळ खंड ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

चौथी पायरी: कधी जायचं, कुठून जायचं

डिसेंबर ते मार्च. थंडी, चिखल, चार वाजता अंधार, सगळं मान्य. पण गवत बसलेलं असतं, झाडं निष्पर्ण असतात आणि सूर्य इतका खाली असतो की हातभर उंचवट्याचीही लांब सावली पडते. जूनमध्ये गेलात तर कमरेएवढ्या खाजऱ्या नेटलमध्ये उभे राहाल. अर्थात नेटल हीही एक खूण आहे. जिथे माणसं आणि जनावरं बराच काळ राहिली तिथे मातीत फॉस्फेट साचतं, आणि नेटलला ते आवडतं. लांबून बघून पुढे सरका.

एक्सप्लोरर नकाशावर हिरव्या तुटक रेघांनी सार्वजनिक पायवाटा दाखवलेल्या असतात. त्या वाटेवरून चालायचा हक्क तुम्हाला आहे, मग ती कुणाच्याही शेतातून जावो. वाट सोडून बेटावर जायचं तर मालकाची परवानगी हवी. फार्महाऊसचं दार वाजवायला लाजू नका. ‘आम्ही जुन्या खंदकांचा अभ्यास करतो, काही उचलणार नाही, खणणार नाही’ एवढं सांगितलं की बहुतेक शेतकरी हो म्हणतात. वर आजोबांनी कोणती बाजू बुजवली तेही सांगतात, जे कोणत्याही नोंदवहीत नसतं. मेंढ्या व्यायलेल्या असतील तर मात्र परत फिरायचं.

गमबूट, कागदी नकाशा, होकायंत्र, पेन्सिल. पावसात पेन चालत नाही.

पाचवी पायरी: बाहेरून आत

सगळ्यांचा पाय आधी बेटाकडे वळतो. आधी बाहेरून पूर्ण एक फेरी मारा.

चालताना पाण्याचा विचार करा. हे पाणी आलं कुठून? ओढ्यातून पाट काढून आणलं आहे, झरा आहे, की नुसतं पावसाचं चिकणमातीत थांबलेलं? जमिनीला उतार असेल तर खालच्या बाजूला बाहेरून मातीचा बांध घातलेला असतो, नाहीतर पाणी टिकणार नाही. जास्तीचं पाणी जायला एखाद्या कोपऱ्यात सांडवा असतो. पाट, बांध, सांडवा हे शब्द आपल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाहीत, त्यामुळे मराठी माणूस हे काम इथल्या शहरी मित्रांपेक्षा लवकर शिकतो असा माझा अनुभव आहे.

मग प्रवेश बघा. आत जायला मातीची वाट आहे का? ती मूळची, न खणता सोडलेली आहे, की नंतर भराव टाकून केलेली? मूळची असेल तर दोन्ही बाजूंचा चर तिच्यापाशी गोलसर संपतो. भरावाची असेल तर चर सरळ येऊन मातीत घुसल्यासारखा दिसतो. भरावाच्या वाटा पुष्कळदा बैलगाड्या आणि ट्रॅक्टरसाठी नंतर केलेल्या असतात. अशा ठिकाणी मूळ वाट म्हणजे बहुधा लाकडी पूल, आणि त्या पुलाचे खांब व तळातले वासे चिखलात अजून असू शकतात.

आता आजूबाजूची शेतं. मध्ययुगातल्या नांगरटीने पडलेले रुंद सरी-वरंबे गवताखाली अजून टिकले आहेत, संध्याकाळच्या उन्हात लाटांसारखे दिसतात. कोणी कोणाला कापलं ते बघा. खंदकाने वरंबे मध्येच तोडले असतील तर शेत आधीचं, खंदक नंतरचा. वरंबे खंदकापाशी येऊन वळत असतील तर खंदक आधीपासून तिथे होता. एकही खड्डा न खणता तुम्ही दोन गोष्टींचा काळक्रम लावलात. उत्खननात पुरातत्त्वज्ञ थरांचा क्रम लावतात, तेव्हा तर्क हाच असतो.

चर्च किती लांब आहे? शेजारीच असेल तर बहुधा गावच्या जहागीरदाराचं घर. गावापासून लांब, जुन्या जंगलाच्या कडेला, शिवेवर असेल तर जंगल तोडून शेती केलेल्या शेतकऱ्याचं असण्याची शक्यता मोठी.

शेवटी बेट. बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच आहे का? असेल तर खंदकातली माती आत पसरली आहे, आणि तिच्याखाली खंदक खणण्याआधीची जमीन झाकलेली राहिली आहे. पृष्ठभागावर आयताकृती उंचवटे दिसतील तर भिंतींचे पाये किंवा जोती. मोल या प्राण्याने उकरलेले मातीचे ढीग नीट बघा, त्यात खापरांचे तुकडे, कौलाचा टवका, शिंपले वर आलेले असतात. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, आणि तुकडा तिथेच ठेवा.

कच्चा आराखडा काढा. पावलांनी मोजा, उत्तर दिशा दाखवा, उताराकडे बाण करा. चित्रकला येण्याची गरज नाही.

फसवणाऱ्या गोष्टी

चौकोनी पाणी म्हणजे खंदकच असं नाही. अठराव्या शतकातल्या बागांची तळी, गावची बदकतळी, चुनखडीयुक्त माती काढलेले खड्डे, मासळीची तळी, त्याहून जुनी लोहयुगीन किंवा रोमन आवारं, हे सगळं लांबून सारखं दिसतं. बेट आहे का, आणि ते घर आणि अंगण मावेल एवढं आहे का, हे दोन प्रश्न विचारले की निम्मी गल्लत संपते.

रिकाम्या बेटाचं महत्त्व

केंटमधलं आयटम मोट बघायला जाच. पाण्यातून वर आलेल्या भिंती, आणि अंगणात कुत्र्याचं एक मोठं घर, ज्याला संरक्षणाचा सर्वोच्च ‘ग्रेड वन’ दर्जा आहे. वॉरिकशरचं बॅडस्ली क्लिंटनही बघा. १५९१ मध्ये कॅथलिक पाद्र्यांना पकडायला शिपाई आले, तेव्हा पाद्री या घराखालच्या जुन्या सांडपाण्याच्या भुयारात पाण्यात उभे राहून लपले आणि वाचले. खंदकात घाण सोडणारं गटार असं कामाला आलं.

पण राहत्या घरांचे खंदक शतकानुशतकं साफ केले गेले. गाळ उपसला, कडा बांधल्या, मासे सोडले, आणि गाळाबरोबर पुरावाही गेला. चौदाव्या-पंधराव्या शतकात सोडून दिलेल्या जागेचा गाळ तसाच राहिला. ओल्या गाळात हवा पोहोचत नाही, त्यामुळे जे एरवी कुजून जातं ते टिकतं: चामड्याचे जोडे, लाकडी वाडगे, दोरखंड, बिया, परागकण, किड्यांचे पंख. परागांवरून आसपास गहू होता की जंगल ते कळतं. बियांवरून घरात काय खात होते ते कळतं. पुलाच्या वाशांतल्या वृक्षवलयांवरून झाड कोणत्या वर्षी तोडलं इथपर्यंत पोहोचता येतं. दगडी भिंतीवरून एवढी नेमकी तारीख मिळणं अवघड.

बर्मिंगहॅमच्या वीओली कासलमध्ये हेच झालं. १२६४ मध्ये रॉजर दे सोमेरीला तिथे तटबंदीचा परवाना मिळाला होता. विसाव्या शतकाच्या मध्यात उत्खनन झालं तेव्हा ओलाव्यामुळे टिकलेले एका लाकडी स्वयंपाकघराचे अवशेष हाती लागले. सामान्य लाकडी इमारतीचा तेराव्या शतकातला असा पुरावा क्वचित मिळतो, कारण टिकतात ते चर्चचे आणि किल्ल्यांचे दगड.

लंडनच्या पश्चिमेला नॉर्थोल्टलाही रिकामं बेट आहे, चर्चच्या शेजारी, बेल्व्यू पार्कमध्ये. १९५० पासून जॉन हर्स्ट यांनी इथे खणायला सुरुवात केली. यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी या ओसाड गावाचं दीर्घ उत्खनन करणाऱ्यांतलेच हे. इथे मॅनरच्या आधीची सॅक्सन काळातली वस्तीही सापडली. हेडस्टोन आणि नॉर्थोल्ट एकाच दिवसात होतात: सकाळी घर उभं असलेलं बेट, दुपारी नसलेलं. सुरुवात याच जोडीने करा. हेडस्टोनचं १५०६ मधलं लाकडी कोठार चुकवू नका, आणि संग्रहालयाचे वार आधी बघून जा.

कायदा, थोडक्यात पण नीट

१९७९ च्या पुरातन स्मारक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस हा गुन्हा आहे. तिथे हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं हाही गुन्हा आहे, मालकाने हो म्हटलं तरी. इतर शेतात मालकाची परवानगी हवी. सोन्याचांदीची जुनी वस्तू किंवा नाण्यांचा साठा सापडला तर १९९६ च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे १४ दिवसांत कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. बाकी वस्तूंची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या सापडलेल्या वस्तू नोंदवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे करता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

खंदक ‘साफ’ करायला मदत मागणारे उत्साही लोक भेटतील. गाळ हाच दस्तऐवज आहे, त्याला फावडं लावू नका.

शेवटची पायरी: कळवा

तुमची टिपणं वहीत पडून राहू देऊ नका. आराखडा, ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारे आकडे), तारीख आणि चार फोटो त्या भागाच्या नोंदवहीकडे पाठवा. आठ आकडी ग्रिड संदर्भ दिला की जागा दहा मीटरपर्यंत नेमकी कळते. मी पहिल्यांदा पाठवलं तेव्हा दोन पानं वर्णन लिहिलं होतं. बेटाची उंची, नेटल, मोलच्या ढिगातलं खापर, सगळं. उत्तर आलं, आभार मानले होते आणि एकच प्रश्न विचारला होता: पाणी बाहेर कुठून पडतं?

मी बघितलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी परत गेलो. ईशान्य कोपऱ्यात काटेरी झुडपाखाली बांध हातभर खाली गेलेला होता, आणि तिथून एक बारीकशी ओली रेघ ओढ्याकडे निघाली होती.